इंटरवलकाकूंचा खुनी

काकूंना कुठल्याही सिनेमातला खुनी मध्यंतराच्या आत सापडत असे. सापडला की त्या तो मनात ठेवत नसत. शेजारी बसलेल्याला, मागच्या रांगेतल्याला, घरच्या टीव्हीवर असेल तर दूध घालायला आलेल्यालाही सांगून टाकत. मग उरलेला सिनेमा त्या दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक बघावा तशा बघत, म्हणजे चुका काढत. देवळीत आमच्या गल्लीत त्यांना सगळे इंटरवलकाकू म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्याही ओ देत.

मी मूळची नागपूरची. देवळीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा काकूंच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली पुढच्या अंगाला शेठजींचं कापडाचं दुकान, मागं त्यांचं घर. मी सामान घेऊन आले त्या दिवशी काकूंनी माझ्या बॅगा, पुस्तकांची खोकी आणि एकुलती एक खुर्ची नीट पाहून घेतली आणि विचारलं, "मॅडम, नवऱ्याशी पटत नाई काय?" मी लग्नच केलेलं नाही असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच म्हणून राह्यली मी."

हा त्यांचा स्वभाव होता. निदान चुकलं तरी काकू चुकत नसत. सिनेमाच्या शेवटी भलताच माणूस बेड्या घालून निघाला की त्या शांतपणे म्हणत, "पिक्चरवाल्यानं ऐन टायमाले बदलला." आपण इतक्या लवकर ओळखलं हे त्याला कुठून तरी कळलं आणि त्यानं घाईघाईत दुसरा माणूस उभा केला, अशी त्यांची बाजू होती. असल्या बाजूपुढे कोण काय बोलणार? मी तरी सुरुवातीचे दोन-चार महिने वाद घातला आणि मग सोडून दिला.

खऱ्या आयुष्यातही तेच. एकदा दुकानातली मोठी कात्री हरवली. काकूंनी जेवायच्या आत गुन्हेगार जाहीर केला. समोरच्या टेलरकडचा गडी. त्याची एक नजर तिरकी आहे आणि तो नमस्कार करताना खाली बघतो, एवढा पुरावा पुरेसा होता. संध्याकाळी कात्री काकूंच्याच गव्हाच्या कोठीवर निघाली. सकाळी त्यांनीच पोत्याची शिवण कापायला नेली होती. त्या कात्रीकडे बघून म्हणाल्या, "आणून ठेवली वाटते." दुसऱ्या दिवशी मात्र त्या गड्याला बोलावून त्यांनी बशीभर आलुपोहे दिले. का, ते सांगितलं नाही. त्यानंही खाली बघतच खाल्ले.

शेठजी याच्या अगदी उलट. गादीवर बसून कापड मोजायचं आणि मोजून झालं की चार बोटं जास्त सोडून फाडायचं, एवढंच त्यांना येत असे, आणि ते त्यांनी जन्मभर चांगलं केलं. गिऱ्हाईक रंगावरून भांडलं तरी ते भांडत नसत, दुसरा गठ्ठा सोडत. घरात काकू म्हणतील ती पूर्व. मुलाला पुण्याला पाठवायचं काकूंनी ठरवलं, गच्चीवर पत्रे टाकायचं काकूंनी ठरवलं, आणि शेठजींनी कोणता सदरा घालायचा तेही काकूच काढून ठेवत. आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीत बायकोचं ऐकलं नाही. ती गोष्ट म्हणजे एक इटालियन सिनेमा.

तो इटालियन होता हे त्यांना माहीत नव्हतं. ते त्याला इंग्लिश पिक्चर म्हणत. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. काकूंचे डोळे दाखवायचे असं घरी सांगून दोघं बसनं वर्ध्याला गेली. हिंदी सिनेमाची तिकिटं संपलेली. परत जायचं दोघांच्याही जिवावर आलं, म्हणून शेजारच्या टॉकीजमध्ये जे लागलं होतं त्याला जाऊन बसली. बाहेर बोर्डावर सुरा धरलेला हात होता. नाव काय होतं ते काकूंना सांगता येत नसे, कारण ते त्यांना वाचताच आलं नव्हतं.

हिवाळ्यात बंद पडलेलं, तळ्याकाठचं एक मोठं हॉटेल. त्यात अडकून पडलेले पाच-सहा लोक आणि पिंजऱ्यात एक पोपट. एकेकाचा खून होतो आणि खुनी म्हणून दिसतात ते फक्त पिवळे हातमोजे. हॉटेल सांभाळणारी एक पांढऱ्या बटेची बाई आहे आणि एक चष्मेवाला डॉक्टर आहे. पडद्यावरची माणसं काय बोलत होती ते दोघांनाही कळत नव्हतं, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या माणसांची तोंडं वेगळी हलत होती आणि शब्द वेगळेच येत होते. तरी दोघं श्वास धरून बसली होती.

मध्यंतराला दिवे लागले नाहीत तोच पडद्यावर काचेची पाटी आली. त्या काळी टॉकीजमध्ये कुणाला बोलवायचं असलं की काचेवर शाईनं लिहून ते पडद्यावर टाकत. त्यावर लिहिलं होतं, "देवळीच्या शेठनी दुकानाची चावी घेऊन ताबडतोब बाहेर यावे." सगळं टॉकीज हसलं. शेठजींनी खिसा चाचपला तर चावी खिशात. देवळीचा आठवडी बाजार, दुकानाला कुलूप, दारात शेतकऱ्यांची गर्दी, आणि डोळे दाखवायला गेलेली सून टॉकीजमध्ये. थोरले दीर, म्हणजे काकूंचे भासरे, दवाखान्यात शोधून आता टॉकीजच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी हात पुढे करून चावी घेतली. तिघं बसमध्ये बसली.

"पुढच्या शिटावर भासरे," काकू सांगत, "आन मागं आमी दोघं. मेल्यावानी. घरी गेल्यावर काय होईन याचा घोर. आन हे हळूच माह्या कानाशी येऊन म्हणतात, डाक्टर असन. मी म्हटलं, नाई, बाई. मॅडम, तुमाले खोटं वाटन, पण तवापासून आमी बोलाले लागलो. त्याच्याआधी बोलतच नोतो. घरात इतकी माणसं, बोलाव तरी कोठी?"

सिनेमा दोन दिवसांत गेला. देवळीच्या सुनेला परत वर्ध्याचं टॉकीज दिसायला काही वर्षं जावी लागली. पण वाद राहिला. काकूंचा मुद्दा असा की पहिला खून झाला त्या रात्री ती बाई टेबलावर बसून जेवली. "घरात मयत पडली असून जे बाई पोटभर जेवते, तिच्या मनात काईतरी असते." शेठजींचा मुद्दा याहून छोटा होता. "डाक्टर बिनबोलावता आला कसा? आपल्या गावात बोलावून येत नाई." मुलगा झाला, सासू-सासरे गेले, भाऊ वेगळे झाले, दुकानात धोतरजोड्यांच्या जागी लेगिंग्ज आल्या, तरी जेवताना कधी ना कधी हा विषय निघे आणि दोघंही आपापल्या जागेवरून तसूभर हलत नसत. मी राहायला आले तेव्हा मलाही विचारण्यात आलं होतं. मी सिनेमा पाहिलेला नाही म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "पाह्यला कायले पाह्यजे? सांगून तं राह्यलो."

मग शेठजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा जवळजवळ गेली. वर्ध्याला दवाखान्यात काही दिवस काढून ते घरी आले ते मधल्या खोलीतल्या खाटेवर. दुकान भाच्याकडे गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना बोलतं ठेवा, नाही तर आहे तेही जाईल. काकूंनी सगळं करून पाहिलं. देवाचं म्हणायला लावलं, कापडांची नावं म्हणायला लावली, पुण्याहून मुलाचा फोन आला की त्यांच्या कानाला लावला. ते "हो" म्हणत, नाही तर तेही नाही. काकू बारीक झाल्या. काकूंना कशाचीही भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका दुपारी चहाला मी खाली गेले होते. गप्प बसवेना म्हणून मी काकूंना त्या सिनेमाचं पुन्हा सांगायला लावलं. त्या सांगत सांगत टेबलावर जेवणाऱ्या बाईपर्यंत आल्या आणि खाटेवरून आवाज आला, "डाक्टर."

काकूंनी कप खाली ठेवला. "काय म्हटलं?"

"डाक्टर," शेठजी म्हणाले. तोंड वाकडं होत होतं, पण शब्द स्वच्छ होता.

"बाई," काकू म्हणाल्या.

"डाक्टर. बिन... बोलावता... आला."

त्या दिवसापासून काकूंना औषध सापडलं. रोज चहाच्या वेळी त्या खाटेशी बसत आणि बाईचा पक्ष मांडत. शेठजी चिडत. चिडले की बोलत. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन, मग तुटकं का होईना पण अख्खं वाक्य. "तुले काई समजत नाई" हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ते ऐकून काकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या आणि परत भांडायला बसल्या. मुलगा पुण्याहून येऊन हा प्रकार पाहून गेला. आजारी माणसाशी आई काय भांडते, असं त्याला वाटलं. मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण असल्या गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

आणि इथे मी उत्साहाच्या भरात तो सिनेमा शोधून काढला. बंद हॉटेल, तळं, पिवळे हातमोजे, पोपट असं इंग्रजीत टाकत बसले, तेव्हा कुठे मोबाइलवर तो सापडला. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्यामुळे मला अर्थ सांगता आला असता. मी नाचतच खाली गेले. काकूंना पोपट दाखवला. त्या म्हणाल्या, "हाच." त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तेवढा आनंद दिसला नाही. शेठजी मात्र म्हणाले, "लाव."

रविवारी दुपारी टीव्हीला मोबाइल जोडून आम्ही तिघं बसलो. शेठजींची खाट भिंतीपासून वळवून घेतली होती. मी ओळी वाचून दाखवत होते, पण दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं. बाई जेवायला बसली तेव्हा काकूंनी शेठजींकडे पाहिलं. डॉक्टर दारात उभा राहिला तेव्हा शेठजींनी चांगल्या हातानं खाटेची पट्टी वाजवली. मग पडद्यावर तळ्यावरचं धुकं आलं आणि काकू म्हणाल्या, "इथंच आपली पाटी आलती." त्या उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"लाव न," शेठजी म्हणाले.

"डोळे थकले माह्ये. बाकीचा मंग पाहू."

मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. त्या गॅस पेटवत होत्या. "मॅडम, तुमी मोठ्या मनानं शोधला," त्या म्हणाल्या, "पण पुढचं दिसलं, खुनी कोण ते समजलं, तं उद्यापासून हे बोलतीन कशावर?" मला हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं असंही नाही. मी म्हटलं, राहू द्या, मी मोबाइलमधून काढून टाकते. तर म्हणाल्या, "काढू नोका. मले झोप येईन काय?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा काकू माझ्या पायरीवरच बसलेल्या होत्या. माझ्या एकुलत्या एका खुर्चीत त्यांना बसवून मी उरलेला अर्धा भाग लावला. सिनेमा किती टुकार आहे हे रविवारी त्या दोघांच्या तोंडाकडे बघण्यात माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. रक्त लग्नातल्या सरबतासारखं होतं. बाहेर विजा कडाडत होत्या आणि अंगणात लख्ख ऊन होतं. एकदा तर आधीच मेलेला माणूस मागं पायऱ्या चढताना स्पष्ट दिसला. बाई शेवटून तिसरी मेली. डॉक्टर तिच्या पाठोपाठ मेला. मग ज्याला आपण आजवर एकदाही पाहिलेलं नाही असा एक माणूस दार उघडून आत आला, आरामखुर्चीत बसला, त्यानं पिवळे हातमोजे काढले आणि आपण सगळ्यांना का मारलं ते सांगितलं. चेहरा काडीचाही जुळत नव्हता, तरी पहिल्या मेलेल्या माणसाचा तो म्हणे जुळा भाऊ होता. तो सांगत होता, सांगतच होता, आणि पोपट मध्येमध्ये ओरडत होता. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणावं, तर हा उंदीरही बाहेरून आणून सोडलेला.

काकूंनी खुर्ची मागं सरकवली. पिक्चरवाल्यानं ऐन टायमाले बदलला, असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "याच्यासाठी?" आणि थोड्या वेळानं, "बाई बिचारी चांगली होती हो. भूक लागली म्हणून जेवली असन." मग पदर सारखा करून त्या जिना उतरल्या. मीही मागोमाग गेले. मला बघायचं होतं, त्या आता काय करतात.

शेठजी जागेच होते. काकू खाटेशी उभ्या राहून मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पाह्यला मी पिक्चर. वर मॅडमच्या खोलीत जाऊन पाह्यला. बाईच निघाली. आता तरी माना."

शेठजींचा चेहरा लालबुंद झाला. "खोटं."

"मॅडमले विचारा."

मी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात मी एवढ्या बिनदिक्कतपणे खोटी साक्ष दिलेली नाही. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू मले सोडून पाह्यला. म्हणजे खोटं. डाक्टरच."

त्या पठ्ठ्यानं मानलं नाही. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी पुरावे मागण्यात घालवला. बाईनं सुरा कुठून आणला? तिला एवढी ताकद कुठून आली? डॉक्टरचं मग काय झालं? काकूंना रोज नवीन उत्तर तयार करावं लागे. स्वयंपाक करता करता त्या माझ्याशी सल्लामसलत करत. "आज सुऱ्याचं इचारतीन. काय सांगू?" आम्ही दोघींनी मिळून त्या सिनेमाला एक बऱ्यापैकी शेवट दिला, मूळच्यापेक्षा पुष्कळच चांगला. शेठजी त्यातली प्रत्येक गोष्ट खोडून काढत. त्या दिवसांत ते जेवढं बोलले तेवढं दुकानाच्या गादीवर वर्षभरात बोलले नसतील. त्या घरात आजारपण होतं, पण ते घर मला कधी उदास वाटलं नाही.

दिवाळीनंतर त्यांना पुन्हा झटका आला. लहानसाच, असं डॉक्टर म्हणाले. ते घरी आले, पण जेवण कमी झालं. काकूंनी चहाच्या वेळी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. ते ऐकून घेत. मग एका संध्याकाळी काकू माडीवर आल्या. एरवी त्या खालूनच हाक मारत. दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे मानले."

मला आधी कळलं नाही.

"मी म्हटलं, बाईच होती. तं म्हणतात, हो. तुह्यंच बरोबर होतं." एवढं बोलून काकू माझ्या दारात खाली बसल्या आणि रडायला लागल्या. ज्या बाईनं जन्मात हार मानली नाही, तिला जिंकणं सोसत नव्हतं. मला त्यांना हात लावायचंही सुचेना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुमी चला. तुमी सांगा त्यायले. तुमचं ऐकतीन. म्हणा, काकू खोटं बोलली, डाक्टरच होता."

आम्ही खाली गेलो. मी शेठजींच्या खाटेशी वाकले आणि सांगितलं. "शेठजी, काकूंनी तुम्हाला फसवलं. डॉक्टरच होता. तुमचंच बरोबर." त्यांनी डोळे उघडले. काकू पलीकडून म्हणाल्या, "ऐकलं न? घ्या, तुमी जिंकले. आता तं भांडा." शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं, जरासं हसल्यासारखं केलं आणि चांगला हात उचलून नाही, नाही असा हलवला. त्यानंतर ते कुणाशीच काही बोलले नाहीत आणि त्याच आठवड्यात गेले.

भेटायला लोक येत होते. आमच्याकडे आलेला माणूस घोटभर पाणी प्यायला की विचारतोच, शेवटी काही बोलले काय. कुणाचं देवाचं नाव निघालेलं असतं, कुणाचं मुलाचं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "म्हणाले, तुह्यंच बरोबर होतं." बायका डोळ्यांना पदर लावत. एवढा संसार केल्यावर नवऱ्याच्या तोंडून असं ऐकायला भाग्य लागतं, असं वडनेरहून आलेली त्यांची नणंद म्हणाली. मी चहाचे कप उचलत होते. काकूंनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "बरोबर तं कोणाचंच नोतं, मॅडम. पण त्यायले जाताना भांडाव नाई वाटलं."